झेल्टनरबाईंची काच

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका संशोधन संस्थेत गुडरुन झेल्टनरबाई एकतीस वर्षं काचा धूत होत्या. नखाएवढ्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या काचा. वर थेंब ठेवायचा, खालून लेसरचा प्रकाश सोडायचा, की थेंबातला एकेक विषाणू, रंगबिंग न लावता, पडद्यावर काळा ठिपका होऊन हजर. विषाणू दिसला की डॉक्टरांचं नाव व्हायचं. भलतंच काही दिसलं की बाईंचं.

निवृत्तीला महिना उरला असताना नवे डॉक्टर लेनार्ट ब्रूम खाली धुण्याच्या खोलीत आले. वय तिशीचं, पदव्या तीन.

"बाई, तुमच्या काचा घाण आहेत. नुसतं पाणी घातलं तरी ठिपकेच ठिपके."

बाईंना ते फार लागलं. हा शब्द त्यांच्यासमोर आजवर कुणी काढला नव्हता. त्यांच्या घरच्या खिडक्या बघून शेजारणी आपले पडदे ओढून घेत. जाताजाता नावाला बट्टा लागायचा म्हणजे काय! त्यांनी हातमोजे काढले आणि त्या डॉक्टरांमागून जिना चढल्या.

पडद्यावर खरंच ठिपके होते. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं.

"डॉक्टर, काचेवरची धूळ यात कशी दिसते?"

"काळी. विषाणूसारखीच."

"मग हे पांढरे कसे?"

डॉक्टर पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"पाणी फ्रिजमधलं ना? थेट घातलंत?"

"हो. ताजं राहतं."

"गार पाणी कोमट झालं की बुडबुडे धरतं. माझ्या ओट्यावरचा पेलासुद्धा धरतो, त्याला पदवी लागत नाही. तासभर बाहेर ठेवा, आणि मग ठेवा माझ्या काचेला नावं."

तासाभराने पडदा करडा, कोरा करकरीत. ब्रूमनी माफी मागितली नाही. वहीत लिहिलं, 'पाण्याची पद्धत सुधारली.'

निरोपाच्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे केक बाईंनीच भाजून आणला. प्रमुखांनी भाषणात सात विषाणूंची नावं बिनचूक घेतली आणि बाईंचं आडनाव चुकवलं. मग ब्रूमनी, मान खाली घालून, एक चौकट पुढे केली. बाईंनी धुतलेल्या शेवटच्या काचेचा, त्याच यंत्रातून काढलेला फोटो. नुसता करडा.

तो आता दिवाणखान्यात आहे. रविवारी नणंद रोझविता कॉफी घेताघेता म्हणाली, "गुडरुन, यात तर काहीच दिसत नाही."

"कसं दिसेल?" बाई म्हणाल्या. "मी धुतलीय."