जिलबीची साक्ष

वालीवच्या आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियम वितळवून पंपांची कवचं ओततात, आणि मी तिथला प्रयोगशाळावाला. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या दोन भिंती, एक वजनकाटा आणि माझं बोलणं. या तिन्हींत सर्वांत जास्त जागा बोलणं खातं, असं भट्टीवरचे काका म्हणतात.

काका खाडीकाठच्या गावचे, अर्धं आयुष्य भट्टीपुढे काढलेले. धातूचा रस ओतण्याइतका तापला की नाही, हे ते एका लोखंडी सळईने ठरवायचे. सळई रसात बुडवायची, तीनपर्यंत मोजायचं, वर काढायची. तिला पापुद्रा चिकटला तर रस थंड. स्वच्छ निघाली तर ओता.

मी नवा तापमापक आणला. लांब नळी, नळीत दोन वेगळ्या धातूंच्या तारा, मागे केबल आणि लाल आकडे दाखवणारी डबी. पहिल्या दिवशी मी ती डबी अशी काही उघडली, की टाळ्या कशा पडल्या नाहीत याचंच नवल वाटलं.

टाळ्या नाहीत, पण हुकूम पडला. कारखाना आता मालकांची मुलगी, म्हणजे आमच्या मॅडम, चालवतात. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी परीक्षा घेऊ. डबी बरोबर निघाली तर सोमवारपासून ती सांगेल तेव्हाच ओतायचं. काका, तुम्ही घासकामाला बसा. आराम मिळेल."

घासकाम म्हणजे मागच्या कोपऱ्यात बसून कवचांच्या कडा घासणं. तिथून भट्टी दिसतसुद्धा नाही. काका "बरं" म्हणाले आणि सळई पुसत राहिले.

माझ्या पायांना मात्र त्या दिवसापासून थारा नव्हता. गेटपर्यंत जा, परत ये, डबी उघड, डबी बंद कर. जिंकणार मीच होतो, भाषणही तयार होतं, तरी घासकामाच्या कोपऱ्याकडे बघणं मी टाळत होतो. त्यातच गुरुवारी संध्याकाळी केबलवरून ट्रॉली गेली आणि केबल तुटली. घरी जाताना तुळिंजच्या बाजारातून हातभर साधी विजेची वायर घेतली आणि सकाळी मधे जोडून टाकली. वायर ती वायर!

दुपारी सगळे भट्टीभोवती जमले. ओतायचं होतं सातशे वीस अंशांना. काकांनी सळई बुडवली, ओठांतल्या ओठांत तीन मोजले, वर काढली. लख्ख.

"झाला. वता."

मी नळी रसात सोडली. डबी म्हणाली सहाशे ऐंशी. मी आकडा नाटकातल्या भालदारासारखा पुकारला. "चाळीस कमी, काका!"

"मास्तर, तुजी डबी कंदी भट्टीपुढं उभी ऱ्हायली होती का? घामानं येडी झाली आसंल."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "जिलबी ओता," त्या म्हणाल्या.

जिलबी म्हणजे वाळूत कोरलेली गोल गोल चरी. रस जितका गरम तितका गोठण्याआधी लांब पळतो. चरीत ठिपके आहेत. सातशे वीसचा रस सहाव्या ठिपक्याला थांबतो, सहाशे ऐंशीचा चौथ्याला. काकांनी ओतलं. रस चौथ्यावरून गेला, पाचवा ओलांडला आणि सहाव्याला टेकून थांबला.

"म्हणजे खोटं कोण? जिलबी की डबी?" मॅडमनी विचारलं.

"आज वाळू वेगळी आहे," मी म्हणालो. इतक्या सफाईने, की मलाच पटलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. तोवर डबीवर चालवा."

काकांनी सळई गोणपाटात गुंडाळायला घेतली. रोज संध्याकाळी ते ती भिंतीला टेकवून ठेवत. गुंडाळताना मी कधी पाहिली नव्हती. नजर चुकवायला म्हणून मी केबल आवरू लागलो, आणि भट्टीच्या तोंडाशी असलेल्या माझ्या जोडावर बोट पडलं. चटका! वर गुंडाळलेली टेप मेणासारखी मऊ झाली होती. मग आठवलं: डबीपर्यंतची केबल नळीतल्या तारांच्याच धातूंची लागते. साधी वायर लावली आणि जोड तापला, की तो जितका तापेल तेवढे अंश डबी गिळून टाकते. काकांनी थट्टेत सांगितलं ते जवळजवळ खरं होतं. फक्त घाम डबीला नाही, माझ्या जोडाला फुटला होता.

"मॅडम," मी ओरडलो, आणि जन्मात पहिल्यांदा पुढचं वाक्य तयार नव्हतं. "वाळू ठीक आहे. वायर मी लावलीय. तुळिंजची."

मॅडमनी येऊन जोडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. काकांनी गोणपाट उलगडलं.

"आता तरी वता म्हनशील का, मास्तर?"

"वता," मी म्हणालो.

आता दोन्ही लागतात, असा मॅडमचा नियम आहे: सळई आणि डबी जुळल्याशिवाय ओतायचं नाही. काका भट्टीवरच आहेत. सळई वर काढतात आणि माझी डबी बोलायच्या आत स्वतःच आकडा सांगतात, चुकले तर चहा त्यांचा. अजून एकदाही प्यायला मिळालेला नाही. केबल नवी कोरी आहे, तरी रोज सकाळी मी ती टोकापासून टोकापर्यंत चाचपतो. मग गेटपर्यंत जाऊन येतो आणि पुन्हा एकदा चाचपतो.