दुर्गाबाईची होडी

इंद्रभान तायडे अठरा वर्षं लष्कराच्या सिग्नल पलटणीत होता. पेन्शनीत निघून मेडशीला परतला आणि घराच्या ओसरीवर रेडिओ दुरुस्त करू लागला. पण गावात नाव झालं ते होडीमुळे. ज्या गावात कुणी समुद्र पाहिला नाही तिथं शिडाची होडी, आणि तीही रेडिओवर चालणारी! मी शेजारचा शाळामास्तर, आणि जीभ माझी मुळातच तिखट. मी त्याला भरपूर छळलं. तो नुसता हसायचा आणि पांगाऱ्याचं लाकूड घासत बसायचा.

होडी हातभर लांब. धोतराचं शीड ओलं होऊन लोंबायला लागलं, तेव्हा त्यानं छत्रीचं कापड लावलं. वाऱ्यानं कलंडायची, म्हणून तळाला शिसं बसवलं. हातातल्या डबीवर एकच बटण. एकदा दाबलं की सुकाणू उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. दुर्गाबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. त्याच उजव्या हातानं तिनं बहात्तरच्या दुष्काळात गावच्या पाझर तलावावर टोपल्यांनी माती वाहिली होती. आता त्यात चमचाही टिकत नव्हता. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. इंद्रभाननं तिला तलावाच्या काठावर बसवून डबी दिली. अंगठा बटणावर जोर करीना. होडी जाऊन बाभळीत अडकली. दुर्गाबाईनं डबी फेकली. "माह्यानं नाही होत. पुन्हा आनू नोका मले इथं."

मग या माणसानं लबाडी केली. तिच्यासाठी दुसरी, हुबेहूब तशीच डबी बनवली, आत काहीच नसलेली. बटण आता हलकं केलंय अशी थाप मारून तिला पुन्हा काठावर आणलं, आणि खरी डबी स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवली. ती दाबायची, हा खिशात दाबायचा, होडी वळायची आणि बाई खुलायची. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. "मास्तर, तिले समजलं तं ती बटनाले हातच लावनार नाही." वर्षभर रोज सकाळी हा खेळ चालला. मी त्याला सोंगाड्या म्हणायचो, पण मनातून मला त्याचा हेवा वाटायचा.

पुढच्या हिवाळ्यात होडीत पाणी झिरपायला लागलं. बॅटरी भिजली असती. इंद्रभाननं आपल्याकडचा जुना इलाज केला, सांध्यांना बिब्याचं तेल. बिब्याला हात लावायचा तर आधी हाताला खोबरेल चोपडायचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण लष्करी गड्याला घाई. चिंधी पोचेना तिथं त्यानं सरळ अंगठे फिरवले. तिसऱ्या दिवशी बिबा उतला. दोन्ही हात सुजून फोड आले.

"आज राहू दे," तो म्हणाला. दुर्गाबाई ऐकेना. शेवटी तलावाच्या काठावर त्यानं खरी डबी गुपचूप माझ्या खिशात सरकवली.

वर्गात छडी फिरवणं वेगळं, हे वेगळं. तिचा अंगठा बघायचा आणि त्याच क्षणी खिशात दाबायचं, माझी तारांबळ उडाली. होडी सांडव्याकडं, तलावाचं जादा पाणी खाली कोसळतं तिकडं, निघाली. 

"मास्तर," दुर्गाबाई शांतपणे म्हणाली, "ती खिशातली डबी आना इकडं. बुडवसान होडी."

मी दिली. इंद्रभान खाली बसला.

"तुले मालूम होतं?"

"पयल्या आठवड्यापासून. मी दाबाच्या आधीच होडी वळे, त मले समजनार नाही काय?"

"मंग बोलली काहून नाही?"

"कायले बोलू? तुमी इतके खूश दिसत व्हते. म्हनलं, दाबत राहू."

एवढं बोलून तिनं उजव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवला. रिकामी डबी दाबून दाबून वर्षभरात त्यात बळ आलं होतं, आणि ते आम्हा दोघा शहाण्यांना कळलंही नव्हतं. तिनं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. होडी सांडव्यापासून डावीकडं वळली आणि शीड भरून आमच्याकडं यायला लागली.

इंद्रभानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो हात उचलणार तोच बाई ओरडली, "डोळ्याले हात लावू नोका, बिबा हाये!"

मग डाव्या हातानं पदर ओढून तिनंच त्याचे डोळे पुसले. उजवा अंगठा तेवढा वेळ बटणावर होता.