खाटेवर की भुईवर

मित्रहो, आज दुपारी खर्डीजवळच्या पाड्यावर धर्माजी वारले. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून मी या क्षयाने खंगलेल्या शेतकऱ्याच्या सोबतीला बसत होतो.

श्वास अडखळू लागला तशी त्यांची बायको म्हणाली, "मास्तर, यांना भुईवर घ्या. खाटंवर जीव गेला तं गती नाय."

धर्माजी पुटपुटले, "नको गो. भुई गार हाय. मग सरणावर ऊब हायच."

मी त्यांचे ऐकले. ते खाटेवरच गेले.

निघताना ती एवढेच बोलली, "तुमी तं घरी जाल, मास्तर. मला इथंच ऱ्हायचाय."

मरणाऱ्याची इच्छा राखली, पण तिच्या मनाला आयुष्यभराचा घोर लावला. तुम्ही कोणाचे ऐकले असते?