सुकडी होती तोवर

आम्ही चार रिटायर मास्तर आष्ट्याच्या स्टँडवर चहाला जमलो की बोलणं हटकून सुकडीवर येतं. बहात्तरच्या दुष्काळात जतकडच्या शाळेवर होतो, तिथले किस्से इतके साठलेत की पेन्शनीचा विषय मागंच राहतो!

सुकडी म्हणजे गूळ-तेल घातलेलं भाजकं पीठ. ती यायच्या आधी शाळेत मूठभर पोरं, बाकीची मेंढरांमागं. ती आली आणि वर्गात बसायला जागा उरेना! एक म्हातारबा रोज दारात येऊन बसायचे. म्हणाले, "मास्तर, माझंबी नाव घाला की! लय शिकायचं ऱ्हायलंय!"

आम्ही हसलो. नियमात बसत नव्हतं. आता वाईट वाटतं.

*

एकदा इन्स्पेक्टर आले. हजेरी बघून खूश! "वा! शिक्षणाची गोडी लागलेली दिसते!"

आमचे हेडमास्तर सरळ माणूस. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. म्हणाले, "साहेब, पोरं सुकडीला येतात. मधल्या वेळात आम्ही शिकवून घेतो!"

साहेबांचा चहा तसाच राहिला.

*

पुढं पाऊस झाला आणि सुकडी बंद पडली. पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसलेली. काय करावं सुचेना, म्हणून मी पाढे सुरू केले. एक पोरगं उठलं. "गुरुजी, पाढं घरीबी म्हंता येत्यात!"

सगळा वर्ग त्याच्यामागून निघून गेला.

*

हौसा तेवढी राहिली. मेंढपाळाची पोर. रोज जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली घेऊन यायची, मधल्या सुट्टीत विहिरीमागं जायची, ताटली धुऊन आणायची. घरची भाकरी खात असेल, असं आम्ही धरून चाललो. वाचायची मात्र खणखणीत! हेडमास्तर म्हणायचे, "ही एक चौथी झाली तरी पुरे." ती झाली नाही, ही हळहळ त्यांना शेवटपर्यंत होती.

एके दिवशी तिची आई धाकट्याला काखेत घेऊन आली. "गुरुजी, ह्याचंबी नाव घाला. लय वाळलाय. थोरली एकलीच सुकडी खाती."

हौसा हेडमास्तरांकडं बघत राहिली. ते म्हणाले, "बाई, सुकडी बंद झाली. पाऊस पडला तेव्हाच."

आई खालीच बसली. "आगं, मग मी तुला दुपारची भाकर देत न्हवते की! खात काय हुतीस?"

हौसा म्हणाली, "साळंत भूक लागत न्हाई, आये."