पाणंदीतून आलेलं उत्तर

भुताखेतावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चौथीत शाळा सुटली आणि तीस वर्षं बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून काढली. म्हणजे ठरवून दिलेले मैल सांभाळायचे, खड्डे भरायचे, गटारी काढायच्या. माझ्या मैलात कधी खड्डा राहिला नाही. तेव्हा हे लिहितोय ते डोकं ठिकाणावर ठेवून लिहितोय. हसायचं त्यानं हसावं.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. नाव लिहीत नाही, भाऊबंद भांडायला येतील. डांबरी सोडली की शिवाराकडं पाणंद जाते, तिच्या टोकाला अकरा घरांचा ऊस. मध्ये एक खळगी आहे. दरसाल मी तिथं मुरूम टाकायचा आणि दरसाल खळगीनं तो गिळायचा. लोक म्हणायचे, "नाना, खाली जुनी मोरी असंल, तुंबली असंल." मोरी म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायची दगडी वाट. मी म्हणायचो, "माझा जन्म हितला. हितं मोरी न्हाई." मैलकुलीला कोण शिकवणार?

त्या हंगामात ऐन तोडीत अवकाळी पडला आणि पाणंद बसली. तोडलेला ऊस फडात वाळायला लागला. ऊसतोड टोळीचा मुकादम आला, बीडकडचा, सरळ माणूस. म्हणाला, "नाना, उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघतो. ट्रॅक्टर निघाला नाही तर टोळी उचलतो. माणसं बसून हायेत." टोळी गेली की अकरा घरांचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा. आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघणार, कारण पाणंदीचं काम गावानं माझ्यावरच सोडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुतण्या तानाजी ट्रॅक्टरनं मुरूम घेऊन आला. मी पुढं चालत. खळगीच्या तोंडाला चाक रुतलं, त्यानं इंजिन बंद केलं.

"नाना, तुमची खळगी आज ट्रॅक्टरबी गिळती का काय?"

"गप रं."

आता आमची एक रीत सांगतो. पाणंद अरुंद, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर अडकायच्या. म्हणून आत शिरायच्या आधी हाळी द्यायची. समोर कोणी असला तर उत्तर देतो आणि रुंद जागेला थांबतो. आता हॉर्न आहे, मोबाईल आहे... पण माझी सवय काही गेली नाही. मी हाळी दिली, "गाडी येतीया रंऽऽ"

आणि उत्तर आलं.

"थांब रं... आदी पाणी जाऊ दे."

खळगीतनंच. पायाखालनं म्हणा. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अजिबात घाई नसलेला. दोन्ही बाजूला सोयाबीन काढून मोकळं पडलेलं रान, कुत्रं लपलं असतं तरी दिसलं असतं. कुणी नव्हतं.

तानाजी खाली उतरला. "नाना, कोन बोललं?"

"तुला आलं ऐकू?"

"आलं की. थांब म्हनला."

"आन् पुढं?"

"पाणी जाऊ दे म्हनला."

मला भीती वाटली नाही, राग आला. मला पाण्याचं शिकवतो? मग लाज वाटली. रस्त्याचा पहिला वैरी पाणी, आधी पाणी काढा मग मुरूम टाका... हे मीच गँगमधल्या नव्या माणसांना सांगायचो. आणि स्वतःच्या पाणंदीत मुरुमावर मुरूम ओतत बसलो होतो.

आवाज आला तिथं पहार घातली. दोन फूट चिखल, मग खण्ण झालं. घडीव दगड.

तासाभरात अकरा घरची माणसं खोरी घेऊन हजर. टोळीपण आली, कोयते बाजूला ठेवून.

तानाजी म्हणाला, "तुमी तर म्हनत हुता मोरी न्हाई."

"म्हनत हुतो. आता खण."

तीनच्या सुमाराला मोरी मोकळी झाली. आधी करंगळीएवढी धार, मग मांडीएवढी, आणि मग पाणी जे सुटलं ते ओढ्यात जाऊन आदळलं. वरनं दगड बसवले, मुरूम दाबला. दिवस मावळायच्या आत उसानं भरलेला ट्रॅक्टर खळगीवरनं गेला. चाक बोटभर रुतलं, बास. मुकादमानं माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं आणि म्हणाला, "बसा आता, नाना." टोळी राहिली. अकरा घरांचं कांडं न् कांडं कारखान्याला गेलं. पुढचा पावसाळा सरला, त्या जागी मुरमाची एक पाटी लागली नाही.

पंचायतीचे इंजिनिअर साहेब बघायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "मोरीतून तुमचाच आवाज घुमला असेल."

मी म्हणालो, "साहेब, मोरी गाळानं ठासून भरली हुती, उंदराला वाट नव्हती. आन् मी 'येतीया' म्हनलो, 'थांब' म्हनलो नव्हतो."

साहेबांनी दगडावर हात फिरवला आणि वहीत मोरीची नोंद केली.

कोण बोललं, मला अजून ठाऊक नाही. तानाजीलाही नाही. रस्त्याच्या कामात माझी चूक काढणारा आजवर कुणी भेटला नव्हता. त्यानं काढली, आणि ती बरोबर होती. मी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.