मामांचा चिंचिला

"पोट बोललं का?" सकाळी चाळीच्या गॅलरीत मामा समोर आले की नमस्काराच्या जागी हा प्रश्न. नवी सून असो, नाहीतर दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा असो, मामांना उत्तर द्यावंच लागे. परळच्या एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात त्यांनी वॉर्डबॉय म्हणून उभा जन्म काढला होता. तिथली पोरं मामा म्हणायची, म्हणून भोईवाड्यातल्या आमच्या चाळीतही ते सगळ्यांचे मामा. पोट चालू आहे तोवर घाबरायचं कारण नाही, एवढं एकच वैद्यकशास्त्र ते मानत. तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर मी रोज काय सोसलं ते तुम्हाला कळेल.

त्यांच्या मुलीने चिंचिला आणला तेव्हा चाळ हबकली. ससा म्हणावा तर कान उंदराचे, उंदीर म्हणावा तर शेपूट खारीचं, आणि अंगावर राखाडी मऊ लोकर. "लोक उंदरांना औषध घालतात आणि तुम्ही पाळता?" असं मी मामांना चिडवायचो. हा थंड डोंगरातला प्राणी, आपला उकाडा त्याला सोसत नाही, म्हणून मुलीने खोलीत एसी बसवला. मे महिन्यात त्याची विचारपूस करायला अख्खी चाळ यायची.

मग ती मुलगी तापाने इस्पितळात पडली. मामा तिच्या उशाशी बसून होते. पाचव्या दिवशी सकाळी तिला जरा बरं वाटलं. "बाबा, घरी जाऊन आंघोळ करून या," असं तिनेच सांगितलं. मामा गॅलरीच्या टोकाच्या बाथरूममध्ये असताना खोलीत त्यांचा फोन वाजला. तो मी घेतला. बाथरूमच्या दाराशी जाऊन मीच ओरडलो, "मामा, लवकर या!" ते इस्पितळात पोचले तेव्हा तिच्या पलंगावरची चादर बदलून झाली होती.

त्यानंतर मामांना तो चिंचिलाच उरला. "तिचा हात ओळखणारा हा एकटाच," असं म्हणत ते त्याला कुरवाळायचे.

मंगळवारी ते प्रभादेवीला देवळात जात, तेव्हा मी त्याच्यापाशी बसे. पुढच्या दोन पायांत बेदाणा धरून तो इतका गोजिरवाणा खायचा, की एका मंगळवारी मी एकेक करत मूठभर बेदाणे भरवले. दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. लेंड्याही थांबल्या. डॉक्टर म्हणाले, आतडं बंद पडलंय, लेंडी पडली तरच वाचेल. "गोड काही दिलं होतं का?" त्यांनी विचारलं. मामांनी ठामपणे नाही म्हटलं. मी बाजूलाच उभा होतो.

पुढचे चार दिवस मामा त्याच्यापासून हलले नाहीत. नॅपकिनमध्ये त्याला तान्ह्या बाळासारखं गुंडाळायचे, बिनसुईची सिरिंज ओठाच्या कडेने आत सरकवायचे आणि गवताच्या भुकटीची पातळ पेज थेंब थेंब सोडायचे. मग दोन बोटांनी हळूहळू पोट चोळायचे. "घे रे बाबा, येकच घोट. तिका मी काय सांगू?" घाबरले की मामा मालवणीत शिरत. आंघोळीला मात्र जाईनात. दाढी वाढली, अंगाला वास यायला लागला. शेवटी रविवारी सकाळी मी हट्टाने त्यांना बाथरूममध्ये पाठवलं आणि त्याला माझ्या मांडीवर घेतलं.

पाचच मिनिटांत माझ्या लेंग्यावर काहीतरी पडलं. काळी, छोटीशी लेंडी. मागोमाग दुसरी. मला इतका आनंद झाला, की मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडलो, "मामा, लवकर या!"

शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं.

बाथरूमचं दार आपटलं. ओली पावलं गॅलरीतून धावत आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मामा टॉवेलवर होते, तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले. आत पाऊल टाकेनात.

"आसा?" त्यांनी विचारलं. आहे का, एवढंच.

"आहे, मामा, आहे! पोट बोललं त्याचं!"

तरीही त्यांनी डोळे उघडले नाहीत. साबण झोंबतोय म्हणत उंबऱ्यावरच बसले आणि हमसून हमसून रडले. मी लेंड्या तळहातावर घेऊन पुढे धरल्या. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी त्या चाचपल्या. "ओली आसा," ते म्हणाले. "आता बरो होतलो."

तो खरंच बरा झाला. मामा गेल्या पावसाळ्यात झोपेतच गेले. चिंचिला आता माझ्याकडे आहे, एसीसकट. बेदाण्यांचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे मला माफ केलं असतं, आणि ती माफी घ्यायचं धैर्य माझ्यात नव्हतं. याची मला लाज वाटते.

मी एकटाच राहतो. आंघोळीला जाताना त्याच्यापाशी बसायला कुणी नसतं. अंगाला साबण लावता लावता मी मध्येच नळ बंद करतो आणि कान देतो. हाक मारायला खोलीत कुणी नाही हे ठाऊक असतं, तरी.