मोहाखालचा बाक

अहेरीला मोटार नुकतीच येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या चहाच्या हॉटेलासमोर, मोहाच्या झाडाखाली, एका सुताराने सागवानी बाक मांडला. मोटारीची वाट बघणारी माणसं मात्र मातीतच बसायची. पिवळाधमक नवा बाक म्हणजे साहेबांचाच, असं त्यांना वाटे.

सुतार रोज संध्याकाळी येई, फडक्याने मोहाच्या बियांचं तेल लाकडात जिरवी आणि तळहात फिरवून पाही. नाव मी कधी विचारलं नाही. मला त्याचा रागच यायचा.

"पालिश मारा ना, भाऊ! एवढं देखनं लाकूड उन्हात काऊन टाकलं?"

"सागवान हाय, सडत नाई. तेल पोटात गेलं का झालं. रंग उडू द्या. चमकलं त लोक बसाले भेतेत."

पावसाळा सरला तेव्हा बाक अंगणातल्या मांडवाच्या खांबासारखा राखाडी झाला होता. पुढच्याच बाजारी एका म्हातारीने डोक्यावरची टोपली उतरवली आणि कोणालाही न विचारता ती त्यावर चक्क पाय वर घेऊन बसली.

सुतार गालात हसला. तेलाची बाटली माझ्या हातात देत म्हणाला, "आता हे तुमी करा. दवाखान्यापुढं बी लोक मातीतच बसून राह्यले."